खिडकी क्रमांक ४ : विचारलं बोटभर, दिलं हातभर

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की मार्कशीटचा फोटो कुणी मागितला की लगेच व्हॉट्सॲपवर ढकलत जाऊ नका. त्यावर एवढ्या ईमेल आणि व्हॉइस नोट आल्या की या वेळची अख्खी खिडकी त्यालाच दिली. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं काढली, त्यातली नऊ कागदपत्रं पडताळणीच्या खिडकीवर, तिचा नंबर ४, म्हणून सदराचं नाव हे असं. विचारणाऱ्यांची नावं मुद्दाम काढलीत, विषयच तसा आहे.

सांगलीहून एक वडील : मुलाला पुण्यात आयटी कंपनीची ऑफर आलीये. आता कुठल्यातरी व्हेरिफिकेशन एजन्सीची लिंक आली, त्यात दहावी, बारावी, आठही सेमच्या मार्कशीट, डिग्री, आधार, पॅन, आधीच्या नोकरीच्या पगारपावत्या, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, एवढं सगळं अपलोड करायचंय. दुसऱ्या सेमला त्याचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिला होता, नंतर सुटला. आता तो म्हणतो बाबा, ती मार्कशीट द्यायलाच हवी का, आणि नाही दिली तर लपवलं म्हणतील का?

काका, पहिलं त्याला सांगा की एम-टू राहिलेला तो महाराष्ट्रातला एकटा नाहीये, निवांत राहा. आता कामाचं. कंपनीला खरं तर दोनच गोष्टी बघायच्या असतात, डिग्री खरी आहे का आणि ती याचीच आहे का. या दोन्हीचं उत्तर डिग्री सर्टिफिकेटवर असतं. ते सर्टिफिकेट काढून नीट बघा एकदा, त्यावर नाव, पदवी, परीक्षेचा महिना-वर्ष आणि वर्ग, म्हणजे प्रथम श्रेणी का द्वितीय, बहुधा एवढंच असतं, विषयवार गुण नसतात, एटीकेटी नसते, एम-टूचे सतरा मार्क नसतात. आपल्या जुन्या लोकांनी हा शहाणपणा आधीच केलेला होता हो, लोकांना दाखवायला पदवी वेगळी आणि घरच्या हिशेबाला मार्कशीट वेगळी. नंतर झेरॉक्स स्वस्त झाली आणि सगळेच सगळं मागायला लागले.

तेव्हा एचआरला साधी ईमेल टाका, डिग्री सर्टिफिकेट आणि शेवटच्या सेमची मार्कशीट चालेल का. माझ्या बघण्यात बरेचदा चालतं, कारण ती लिंकमधली यादी कुणी विचार करून केलेली नसते, मागच्या कुणाची तरी कॉपी-पेस्ट असते. ऑफर लेटरमध्ये ‘सगळीकडे ६० टक्के’ किंवा ‘बॅकलॉग नको’ अशी अट असेल तर मात्र त्यांना गुण बघायचा हक्क आहे, मग द्यावंच लागेल. आणि न देणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं. फॉर्ममध्ये सरळ विचारलं असेल की कधी बॅकलॉग होता का, तर ‘हो, एक, सुटला’ असंच लिहा, तिथे नाही लिहिलं आणि उद्या निघालं तर नोकरी जाईल, एम-टूमुळे नाही, त्या ‘नाही’मुळे.

डिजिलॉकरबद्दल एक गल्लत सगळेच करतात. त्यात दोन कप्पे आहेत. एकात बोर्डाने किंवा विद्यापीठाने थेट पाठवलेले कागद येतात आणि दुसऱ्यात आपण स्वतः स्कॅन करून चढवलेले. कायद्याने मूळ कागदासारखे मानायचे ते फक्त पहिल्या कप्प्यातले, २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये तशी दुरुस्ती झाली. दुसऱ्या कप्प्यातला कागद म्हणजे फोनमधला फोटोच, फक्त सरकारी पिशवीत ठेवलेला. तर शक्य असेल तिथे पहिल्या कप्प्यातून द्या. पण हेही खरं की डिजिलॉकरमधून मार्कशीट जाते ती आजच्या घडीला अख्खी जाते, अर्धी झाकून पाठवायची सोय त्यात नाही.

बाकीचं झटपट सांगतो. आधार द्यायचंच तर मास्क्ड द्या, पहिले आठ आकडे झाकलेलं, यूआयडीएआयच्या साइटवरूनच उतरतं. पॅन पगार सुरू होताना लागतो, त्याआधी का, विचारा. प्रत्येक कॉपीवर आडवं लिहा, ‘फक्त अमक्या कंपनीच्या पडताळणीसाठी’ आणि तारीख. आणि यूएएन दिला म्हणून ओटीपी देऊ नका! एजन्सीवाला पोरगा फोनवर गोड बोलून म्हणतो सर एक ओटीपी आला असेल बघा, तो सांगितला की पीएफचं अख्खं पासबुक त्याच्यासमोर उघडतं, आजवरची प्रत्येक नोकरी, प्रत्येक महिन्याची कपात, आणि १२ टक्के किती कापले यावरून बेसिक किती हे काढायला काही सीए लागत नाही. मग पगाराची बोलणी करताना तुमचे पत्ते त्यांच्या हातात.

कायदा विचाराल तर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, संमती घ्यायची ती ठरावीक कामासाठी आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीची, असं त्यात सरळ लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्यात. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची एक वाटही ठेवलीये, त्यामुळे कलम दाखवून भांडायला जाऊ नका, नवी नोकरी आहे. ईमेलने नम्रपणे विचारा, तेवढ्यात निम्मं काम होतं.

ठाण्याहून बीएस्सीची विद्यार्थिनी : सेमिनारला विषय मिळालाय, ‘न दाखवता सिद्ध करणं’. नेटवर जे सापडतं ते एकतर फारच गणित आहे नाहीतर गुहेची गोष्ट. मार्कशीटच्या भाषेत सांगाल का?

गुहेची गोष्ट मलाही कधी कळली नाही, त्यामुळे मार्कशीटच घेऊ.

समज विद्यापीठाने तुझ्या मार्कशीटमधली एकेक नोंद वेगवेगळ्या लखोट्यात घातली. नाव एका लखोट्यात, जन्मतारीख दुसऱ्यात, टक्के तिसऱ्यात, वर्ग चौथ्यात, असे वीस-पंचवीस लखोटे झाले. मग प्रत्येक लखोट्याचा एक ठसा काढला, ज्याला हॅश म्हणतात. ठशाची गंमत अशी, की आतला मजकूर माहीत असेल तर ठसा कुणालाही काढता येतो, पण ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही, आणि आतला एक काना जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. मग विद्यापीठ या सगळ्या ठशांची एक यादी करतं आणि त्या यादीखाली डिजिटल सही ठोकतं. यादी आणि लखोटे दोन्ही तुझ्या फोनमध्ये. आता कंपनीला फक्त वर्ग दाखवायचाय, तर तू यादी देतेस आणि वर्गाचा एकच लखोटा उघडून देतेस. ते त्याचा ठसा काढतात, यादीत तो सापडतो, खाली सही विद्यापीठाचीच आहे हे विद्यापीठाने सगळ्यांसाठी जाहीर केलेल्या किल्लीवरून तपासतात. झालं. बाकीचे लखोटे बंदच, आणि विद्यापीठाला फोनही करावा लागला नाही.

इथवर मी एका व्याख्यानात सांगत होतो तेव्हा माझी भाची मागे बसली होती, ती घरी आल्यावर म्हणाली मामा, तुमची टक्केवारी मी फोडून दाखवते. मला वाटलं ठशावरून उलटं जाता येत नाही तर फोडणार काय! ती म्हणाली, उलटं कशाला जाऊ, पास झालेला मुलगा ३५.०० पासून १००.०० पर्यंतच कुठेतरी असणार ना, दोन दशांश धरले तरी सगळे मिळून आकडे ६५०१. एकेकाचा ठसा काढायचा आणि जुळतोय का बघायचं. लॅपटॉप काढला, आठ-दहा ओळी लिहिल्या, एंटर मारलं, आणि मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ७१.४२ असा आकडा स्क्रीनवर. मी बंद केलेला लखोटा होता तो, मीच दिलेला! जन्मतारखेचंही तेच, साठ वर्षांतले सगळे दिवस मोजले तरी बावीस हजाराच्या आत येतात.

म्हणून प्रत्येक लखोट्यात आतल्या मजकुरासोबत चिमूटभर मीठ घालतात. खरंच, सॉल्टच म्हणतात त्याला. मीठ म्हणजे एक लांबलचक यादृच्छिक आकडा, दर लखोट्याला वेगळा, आणि तो फक्त उघडलेल्या लखोट्याबरोबरच समोरच्याला मिळतो. मग ६५०१ काय आणि साडेसहा कोटी काय, मीठ माहीत नसताना प्रयत्न करून काही हाती लागत नाही. या पद्धतीचं नाव एसडी-जेडब्ल्यूटी, युरोपियन युनियनने २०२४ च्या कायद्यात सगळ्या सदस्य देशांना २०२६ संपेपर्यंत नागरिकांसाठी डिजिटल वॉलेट द्यायला सांगितलंय, त्यात हीही वापरतायत. सेमिनारला कुणी विचारलं की हे प्रत्यक्षात कुठे आहे, तर हे सांग.

आता यातली खोच. तू तीच यादी, तीच सही तीन कंपन्यांना दाखवलीस तर नाव कुणालाच दाखवलं नसलं तरी त्या तिघी आपसात बसून म्हणू शकतात की अरेच्चा, ही एकच मुलगी आहे. सहीच तुझी ओळख होऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे बीबीएस नावाच्या सह्या, बोने, बॉयेन आणि शॅकम या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं, मूळ पेपर २००४ चा. त्यात तू सही दाखवतच नाहीस, ‘माझ्याकडे विद्यापीठाची खरी सही आहे’ याचा पुरावा दर वेळी नव्याने तयार करून दाखवतेस, आणि दोन पुरावे एकाच सहीचे आहेत हे कुणाला ओळखता येत नाही. न दाखवता सिद्ध करणं ते हेच, झिरो नॉलेज, गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलं. गणित तिथून पुढे अवघड आहे, ते तुझ्या सरांना विचार, त्यांनी विषय दिलाय ना.

आणि एक माझं मत घाल वाटलं तर. लोक फार कौतुकाने सांगतात की या तंत्राने आकडा न सांगता ‘६० च्या वर आहे’ एवढंच सिद्ध करता येतं. येतं, खरंय. पण विद्यापीठाने ‘प्रथम श्रेणी’ असा एक वेगळा लखोटा करून ठेवला तर शंभरातल्या नव्वद वेळा तेवढ्यावरच भागतं, एवढ्या गणिताची गरज पडत नाही. वर सांगलीच्या काकांना तेच सांगितलं.

बार्शीहून क्लासवाले सर : आमचा टायपिंग आणि अकाउंटिंगचा क्लास आहे, वर्षाला तीनेकशे सर्टिफिकेट देतो. बाजारात आमच्या नावाची बोगस सर्टिफिकेट निघालीयेत. सर्टिफिकेटवर क्यूआर लावायचाय, वेबसाइटवाला म्हणतो पाच हजारात करून देतो. लावू का?

लावा, पण त्याला आधी एक प्रश्न विचारा, क्यूआरच्या आत काय असणार आहे. मागच्या वर्षी एका नातलगाच्या मुलीचं कोर्सचं सर्टिफिकेट आलं, संस्थेचं नाव काढत नाही, क्यूआर स्कॅन केला तर ब्राउझरमध्ये पान उघडलं, पत्त्याच्या शेवटी नंबर होता, समजा ४१८. मी नुसता ४१९ केला. दुसऱ्या मुलीचं सर्टिफिकेट उघडलं, फोटो, जन्मतारीख, मोबाइल नंबर, सगळं. ४२०, तिसरी. अर्ध्या तासात गावातल्या तीनशे मुलींचे नंबर कुणीही काढून ठेवले असते. बोगसगिरी थांबवायला क्यूआर लावला आणि पोरींची डिरेक्टरी छापून दिली.

तेव्हा नंबर ओळीने नको. सीएंचं यूडीआयएन, म्हणजे त्यांनी सही केलेल्या सर्टिफिकेटवरचा नंबर, बघा, तेही खोट्या सर्टिफिकेटांवर उपाय म्हणूनच आलं, १ फेब्रुवारी २०१९ पासून सर्टिफिकेटांना सक्तीचं झालं. अठरा अक्षरं असतात, पहिली दोन वर्षाची, पुढची सहा सीएच्या सभासद क्रमांकाची आणि शेवटची दहा कशीही. ती शेवटची दहा महत्त्वाची, कारण शेजारचा नंबर कोणता हे कुणाला सांगताच येत नाही. तुमच्या वेबसाइटवाल्याला सांगा नंबर तसा करायचा, आणि पानावर फक्त नाव, कोर्स, तारीख आणि खरं का खोटं, बास. मोबाइल, फोटो, जन्मतारीख कशाला हवी तिथे?

त्याहून बरा मार्ग म्हणजे वेबसाइट लागूच नये. तुम्हाला आठवत असेल, कोविडच्या लशीच्या सर्टिफिकेटवर मोठा थोरला दाट क्यूआर होता. त्यात नुसती लिंक नव्हती, अख्खी माहिती आणि तिच्यावर डिजिटल सही आतच होती, तपासणाऱ्याने सही जुळवायची, झालं. व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल म्हणतात ते हेच, डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याचं प्रमाण पहिल्यांदा २०१९ मध्ये पक्कं केलं आणि दुसरी आवृत्ती मे २०२५ मध्ये. म्हणजे देशातल्या कोट्यवधी लोकांच्या खिशात ही गोष्ट होती आणि आपण ती लॅमिनेट करून ठेवली! तुमच्या वेबसाइटवाल्याला विचारा सही आत घालता येते का. येत नसेल तर वरचा दहा अक्षरांचा उपाय करा, तीनशे सर्टिफिकेटांना तेवढा पुरतो.

नागपूरहून एक वाचक : ऐकलंय की गडचिरोलीकडे जातीचे दाखले ब्लॉकचेनवर टाकले. ब्लॉकचेन म्हणजे तर सगळ्यांना दिसतं. मग माझी जात जगाला दिसणार का?

ऐकलंत ते बरोबर आहे, २०२२ ची गोष्ट, एटापल्ली उपविभागात. पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर एकत्र ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, जवळपास ६५,००० दाखले नोंदवायचं ठरलं होतं. पण साखळीवर दाखला जात नाही, दाखल्याचा ठसा जातो, वर ठाण्याच्या मुलीला सांगितला तोच. दाखला ज्याच्या हातात आहे त्याने दाखवला तर समोरचा ठसा काढून साखळीवरच्याशी जुळवणार. जुळला तर खरा, कुणी मध्येच फाइल बदलली असेल तर जुळणार नाही.

तेव्हा तुमची जात ब्लॉकचेनवर वाचता येणार नाही, घाबरू नका. पण माझी तक्रार वेगळी आहे. ब्लॉकचेनवरचं पुसता येत नाही. कागदावरच्या नोंदी चुकतात, दाखले पडताळणी समितीकडे जाऊन रद्दही होतात, तेव्हा ठसा तिथेच राहतो आणि ‘हा रद्द झाला’ हे दुसरीकडे कुठेतरी लिहावंच लागतं. मग ते दुसरीकडचं रजिस्टर कुणाच्या हातात आणि ते बघताना कुणाची नोंद होते, हा खरा प्रश्न. पेपरात ब्लॉकचेन शब्द आला की लोक तिथेच थांबतात. सही नीट केलेली असेल तर साखळी नसली तरी फार बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, ज्यांचं पोट त्यावर आहे ते रागावतील.

दुबईहून एक सिस्टर, मूळच्या मिरजेच्या : इथे लायसन्ससाठी डेटाफ्लो नावाच्या पडताळणी कंपनीतर्फे पडताळणी झाली. कॉलेज, नर्सिंग कौन्सिल, जुनं हॉस्पिटल, सगळ्यांना त्यांच्याकडून पत्रं गेली. मी तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये नोकरीतच होते. पुढचं विचारू नका. असं न होता पडताळणी होऊ शकते का?

ताई, पुढचं मी न विचारताच सांगतो, कारण मी त्या पत्रांच्या दुसऱ्या टोकाला बसायचो. खिडकी ४ वर रोज टपाल यायचं, ‘खालील उमेदवाराची पदवी आपल्या अभिलेखानुसार खरी आहे का कळवावे’, वर विचारणाऱ्याचं लेटरहेड. आम्ही लेजर काढायचो, आसन क्रमांक जुळवायचो, शिक्का मारायचो. पण त्या लेटरहेडवरून आम्हाला कळायचं की कोण कुठे चाललंय. एकदा एका कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकांचं पत्र आलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजने पाठवलेलं. आमच्यातल्या एकाने चहाच्या टपरीवर त्यांच्या प्राचार्यांना सहज सांगितलं, अहो तुमचे सर निघाले वाटतं. ती नोकरी त्यांना मिळाली नाहीच, आणि इकडे टाइमटेबलमध्ये सकाळी सातचं लेक्चर आणि संध्याकाळी पाचचं लेक्चर, दोन्ही त्यांच्याच माथी. वर्षभर. पडताळणी अगदी नियमाप्रमाणे झाली होती हो, शिक्कासुद्धा गोल आणि स्वच्छ उठला होता.

या प्रकाराला तंत्रज्ञानातले लोक ‘फोन होम’ म्हणतात, म्हणजे पडताळणी करताना दर वेळी माहेरी फोन लावायचा. मूळ संस्थेकडेच विचारायची ही पद्धत आली ती बोगस कागदांमुळे, आणि परदेशात नर्स म्हणून पेशंटच्या अंगाला हात लावायचा तर ते खात्री करणारच, त्यात त्यांचं चुकत नाही. पण संस्थेने तुम्हाला एकदाच सही केलेलं डिजिटल प्रमाणपत्र दिलं तर पुढे तुम्ही कुणाला दाखवता हे तिला कळायचं कारण नाही. सही जुळली, विषय संपला.

फक्त एक अडचण उरते. डिग्री एकदा मिळाली की मिळाली, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नूतनीकरण न केल्यास लटकते, कारवाई झाली तर रद्द होते. आजची स्थिती विचारायला परत माहेरी फोन? त्यावर एक उपाय निघालाय, तो मला फार आवडतो. कौन्सिलने एक लांबच लांब यादी रोज प्रसिद्ध करायची, त्यात नावं नाहीत, नंबर नाहीत, नुसते शून्य आणि एक. कमीत कमी १,३१,०७२ जागा. तुमची जागा समजा ७४,२०५ वी, हे तुमच्या प्रमाणपत्रात लिहिलेलं. तिथे शून्य असेल तर नोंदणी चालू, एक असेल तर रद्द. तपासणारा तुमची एकटीची जागा विचारत नाही, अख्खी यादी उतरवून घेतो, १६ किलोबाइट भरते फक्त, सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षाही हलकी. मग कौन्सिलला एवढंच कळतं की कुणीतरी यादी नेली, त्या लाखभरातल्या कुणासाठी ते कळत नाही. वारीत एकटं माणूस शोधता येतं का, तसंच. हेही प्रमाण मे २०२५ मध्ये पक्कं झालंय. आपल्याकडच्या कौन्सिलांनी ते घेतलं तर तुमच्या पुढच्या सिस्टरांची वाट सोपी होईल, पण आज अर्ज करताना ते मिळणार नाही, हेही सांगतो. आज एवढंच करता येतं की राजीनामा कधी द्यायचा आणि पत्रं कधी जाणार याचा मेळ आपण घालायचा.

डोंबिवलीहून एक वाचक : डिग्री माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि आता घटस्फोट झालाय. प्रत्येक ठिकाणी नाव का जुळत नाही विचारतात, मग लग्नाचं सर्टिफिकेट, मग घटस्फोटाचा आदेश. मुलाखतीला गेले की पाच मिनिटांत अनोळखी माणसाला माझं सगळं आयुष्य माहीत.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. खिडकीवर असताना मीही अशा बायकांकडे लग्नाचं सर्टिफिकेट मागितलेलं आहे, मागे रांग उभी असायची आणि मी मोठ्याने विचारायचो, मिसेस का? आता लाज वाटते.

तुम्हाला फक्त एवढंच सिद्ध करायचंय, की त्या नावाची मी आणि या नावाची मी एकच. लग्न कुणाशी झालं, का मोडलं, हा त्यात प्रश्नच नाही. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, जुनं नाव आणि नवं नाव जोडणारा तो एक कागद पुढे कायम तुमच्या हातात राहतो. राजपत्र सार्वजनिक असतं, ते कुणीही बघू शकतं, हे मनात धरूनच करा. पण लग्नाच्या सर्टिफिकेटवर नवऱ्याचं नाव, पत्ता, साक्षीदार असली सगळी वरात असते आणि कोर्टाच्या आदेशात तर त्याहून जास्त, त्यापेक्षा हे बरं. कुणी आदेशच मागितला तर आधी विचारा, राजपत्र का चालत नाही. तोंडी नको, ईमेलवर विचारा. मग आधार आणि पॅन एकाच नावावर आणा, कोणतं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

डिजिटलमध्ये हे खरं तर सुटायला हवं. चांगल्या पद्धतीत प्रमाणपत्र नावाला बांधलेलं नसतं, तुमच्या फोनमधल्या गुप्त किल्लीला बांधलेलं असतं, ती किल्ली तुमच्याकडे आहे हे दाखवलं की पदवी तुमची, मग नावाचा लखोटा उघडा नाहीतर नका उघडू. आपल्याकडे मात्र सध्या उलटं चाललंय, सगळं आधारच्या नावाशी जुळवत बसतात, आणि स्पेलिंगमध्ये एक ए जास्त असला तरी गाडी अडते. या व्यवस्था करणाऱ्यांच्या टेबलावर नाव बदललेली एकतरी बाई बसवली असती तर हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

साताऱ्याहून एक आजी, व्हॉइस नोटवर : नातवाचा दहावीचा निकाल आमच्या आधी शेजारच्यांनी बघितला आणि जिन्यात येऊन सांगितला. साइटला कुलूप नसतं का?

असतं आजी, आसन क्रमांक आणि आईचं नाव, दोन्ही घातलं की उघडतं. पण आसन क्रमांक एका शाळेच्या पोरांचे ओळीने असतात, आणि तुमच्या सूनबाईंचं नाव शेजारच्यांना माहीत नसणार तर कुणाला? आईचं नाव हे गुपित असतं असं ज्यांना वाटलं ते चाळीत राहिलेले दिसत नाहीत. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या पूर्ण नावातच आईचं नाव येतं, फार चांगला निर्णय आहे, पण ती पोरं २०४० च्या आसपास दहावीला बसतील तेव्हा कुलपाची किल्ली त्यांच्या वहीच्या लेबलवरच लिहिलेली असेल. बोर्डाला तोवर वेळ आहे. तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी आसन क्रमांक सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, ‘सगळ्यांनी आशीर्वाद द्या’ म्हणून हॉलतिकिटाचा फोटो टाकतात ना, तिथूनच जातो तो. शेजारच्यांनी पेढे तरी आणले का, तेवढं कळवा.